तिसऱ्या खटक्याचा उजेड

आई क्लीव्हलंडला आली त्या दिवशी संध्याकाळी पाचला तिनं विचारलं, "काय गं, लाईट गेलीय का?"

लाईट गेली नव्हती. नोव्हेंबर संपत आला होता, ईरी सरोवरावरचे ढग दिवसभर जागचे हलले नव्हते आणि बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात एकच दिवा जळत होता. आई छताकडे बघत होती. सांगलीच्या घरी खोलीत पाऊल टाकताना हात आपोआप बटणाकडे जातो आणि ट्यूब लागते. इथे दारापाशी बटण आहे, पण ते दाबलं की भिंतीतल्या खालच्या प्लगला वीज मिळते. त्या प्लगला दिवा आपला आपण आणून लावायचा. छत मोकळं. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्या अशाच असतात, आणि भारतातून आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला एक हिवाळा जातो. मला दोन गेले.

आई सोबत जुन्या साड्यांची तुकडेजोड घेऊन आली होती. माझ्या लेकीसाठी गोधडी शिवायची होती. वय पंच्याहत्तर, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशन्स झालेली, आणि पाचला अंधार. दिवा चांगला असणं ही आमच्या घरात त्या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी गरज झाली.

कोपऱ्यातला तो दिवा मी क्लीव्हलंड हाइट्समधल्या एका इस्टेट सेलमधून आणला होता. कुणी वृद्ध माणूस गेलं की घरातल्या सगळ्या वस्तू मांडून विकतात, त्या विक्रीतून. बिडाचा जड पाया, पुरुषभर उंचीची पितळी दांडी, आणि वर शेडच्या आत दुधी काचेची मोठी वाटी, तोंड आभाळाकडे. बल्ब त्या वाटीत उभा राहतो. काही उजेड पांढऱ्या छतावर आपटून खोलीभर पसरतो, काही काचेतून गाळून खाली मांडीवरच्या कामावर उतरतो. डोळ्यांत थेट काहीच येत नाही.

ही घडण १९३० च्या दशकातली. तिचं मूळ आमच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर, ईस्ट क्लीव्हलंडच्या टेकडीवर आहे. तिथे १९१३ साली नेला पार्क उभं राहिलं, जनरल इलेक्ट्रिकच्या दिव्यांचं संशोधनाचं आवार. मॅथ्यू लकीश तिथल्या प्रकाश-प्रयोगशाळेचे प्रमुख होते. माणसं फार कमी उजेडात वाचतात, शिवतात, डोळे शिणवतात, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्याच काळात इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीनं वाचायच्या दिव्यांसाठी नियम घालून दिले: दिवा किती उंच, शेडचा घेर किती, बल्बखाली दुधी काचेची वाटी कशी. नियमांत बसणाऱ्या दिव्याला तसं लेबल मिळायचं. माझ्या दिव्याला लेबल उरलेलं नाही, पण ठेवण तीच आहे. ज्या शहराच्या पब्लिक स्क्वेअरवर चार्ल्स ब्रश यांनी २९ एप्रिल १८७९ च्या रात्री बारा आर्क-दिवे लावून दाखवले, त्या शहरात दिव्याची एवढी काळजी वाहिली गेली याचं मला नवल वाटत नाही. आदर मात्र वाटतो.

या दिव्याला तीन खटके आहेत. जुन्या थ्री-वे बल्बात दोन तारा असायच्या, समजा एक ५० वॉटची आणि एक १०० ची. पहिल्या खटक्याला छोटी तार पेटते, दुसऱ्याला मोठी, तिसऱ्याला दोन्ही मिळून १५०. त्यासाठी होल्डरच्या तळाशी मधल्या टिकलीच्या जोडीला बाजूला आणखी एक पट्टी असते, आणि बल्बच्या बुडाला तिला टेकणारं कडं. आईला एवढं सांगायची गरजच पडली नाही. तिनं चावी एकदा फिरवून बघितली आणि म्हणाली, "म्हणजे कंदिलाची वात वर करायची."

पण वात वर होत नव्हती. पहिल्या खटक्याला अंधार, दुसऱ्या-तिसऱ्याला सारखाच मध्यम उजेड. मला वाटलं, आतल्या जुन्या बल्बची छोटी तार तुटली असेल. तसा तारेचा बल्ब दुकानात आता मिळेनासा झाला आहे. अमेरिकेच्या २००७ च्या ऊर्जा-कायद्यानं थ्री-वे बल्बांना सवलत दिली होती. ती पुढे काढली गेली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वॉटमागे किमान ४५ ल्युमेन उजेड ही अट पुरती लागू झाली. तारेच्या बल्बाला ती झेपत नाही. मला त्याचं दुःख नाही. दीडशे वॉट जाळून बहुतेक उष्णताच मिळायची. एलईडी तेवढाच उजेड वीस-पंचवीस वॉटमध्ये देतो.

पहिला एलईडी मी घाईत, स्वस्त बघून आणला. खोक्यावर '१०० वॉटच्या तोडीचा' एवढं वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी गोधडी उलगडली तर डाळिंबी इरकलीच्या तुकड्यावर आईनं तपकिरी दोऱ्यानं हातभर धावदोरा घातलेला. रात्री तिला दोन्ही रिळं एकच दिसली होती. ती काही बोलली नाही, बसून उसवायला लागली. मला फार वाईट वाटलं. दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. उजेडात लाल कमी होता.

मग मी नीट अभ्यास केला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळसर लेप देऊन त्याचा पांढरा करतात. स्वस्त लेपात गडद लाल तोकडा पडतो. रंग किती खरे दिसतील ते सीआरआय नावाचा आकडा सांगतो. तारेच्या बल्बचा शंभर, साध्या एलईडीचा ऐंशीच्या आसपास. पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. भडक लाल त्यात येतच नाही, त्याचा आकडा वेगळा, आर-नाइन. खोक्यावरच्या सरकारी चौकटीत ल्युमेन, वर्षाचा खर्च, आयुष्य, वॉट आणि उजेडाचा पिवळा-निळेपणा असतो. सीआरआयची तिथे सक्ती नाही, तो शोधावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या घरबांधणीच्या नियमांत सीआरआय किमान ९० आणि आर-नाइन किमान ५० लागतो. ते पाळणाऱ्या बल्बवर 'जेए८' अशी खूण असते. ओहायोत राहूनही मी ती खूण बघूनच बल्ब घेते.

उजेडाच्या रंगाबद्दल आईचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. तिला ट्यूबसारखा पांढरा हवा होता. पिवळा दिवा म्हणजे व्होल्टेज कमी, अशी तिची जन्माची समजूत. मी पिवळसर, २७०० केल्विनच्या उजेडावर ठाम राहिले. ती शोधत होती तो स्वच्छपणा उजेडाच्या पांढरेपणात नव्हता. तो भरपूर ल्युमेन आणि खरे रंग यांत होता. 'तोडीचा' या शब्दावरही मी आता विसंबत नाही. जुना १५० वॉटचा बल्ब २६०० च्या आसपास ल्युमेन द्यायचा, तोडीचे म्हणवणारे काही नवे २१०० वरच थांबतात. आणि वाटीच्या दिव्यासाठी बल्बचा आकार हातात घेऊन बघावा. ज्याचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक प्लास्टिकचा आहे, तो सगळा उजेड वर फेकतो, वाटीचा तळ काळा पडतो आणि शिवणारीच्या मांडीवर सावली. काच जितकी खालपर्यंत गोल, तितकं चांगलं.

असा बल्ब मिळाला. लावला. पहिल्या खटक्याला अंधार, दुसऱ्या-तिसऱ्याला मध्यम.

तेव्हा कुठे मी प्लग काढून होल्डरमध्ये बघितलं. दिव्याचं मूळ तोंड मोठं होतं, तीनशे वॉटच्या जाड बल्बासाठी केलेलं, आणि आधीच्या कुणीतरी त्यात लहान बल्ब बसवायचा अडॅप्टर फिरवून घट्ट केला होता. साधा, एकाच टिकलीचा. बाजूच्या पट्टीची वीज बल्बापर्यंत पोचतच नव्हती. मी दोष देत होते तो बल्बांना. दिवा दुरुस्तीच्या दुकानात थ्री-वेचा, कड्याला वीज पोचवणारा अडॅप्टर मिळाला. त्याच फेरीत कापडी वेष्टणाची वायरही बदलून घेतली, आतलं रबर बोटांनी चुरत होतं. नव्या प्लगची एक पात रुंद आहे, म्हणजे तो उलटा बसत नाही आणि होल्डरच्या आट्यांत वीज उतरत नाही. जुना दिवा घेणाऱ्यानं बल्बच्या आधी हा खर्च करावा.

त्या संध्याकाळी आईनं चावी फिरवली. एक, दोन, तीन. डाळिंबी रीळ उचललं, तपकिरी खाली ठेवलं, आणि सुई ओवून घेतली, एका दमात.

पुढचे चार महिने दिवा तिचाच होता. जेवताना पहिला खटका, टीव्हीला दुसरा, शिवताना तिसरा. या दिव्याची चावी पुढेच फिरते, मागे येत नाही. पहिल्या खटक्यावरून दिवा मालवायचा तर दुसऱ्या-तिसऱ्यातून जावंच लागतं. झोपायच्या वेळी मंद खोली आधी लख्ख होते, मग काळोख. मला हे नेहमी खटकायचं. आई मात्र तिसऱ्या खटक्यावर हात तसाच ठेवून थांबायची. दाराची कडी, गॅसची बटणं, सुया डबीत गेल्या की नाही, खाली काही सांडलंय का, सगळीकडे नजर फिरवायची, आणि मग शेवटचा खटका.