मुठीत मावेल असा ब्रश

आमच्याकडे, वेल्ह्याच्या गावांत, म्हातारी बाई स्वतःला चित्रकार म्हणवत नाही. पण नागपंचमीला भिंतीवर नाग तीच काढते. माझ्या आत्यानं ते काम अलीकडे सुनेवर सोपवलं होतं. भातलावणीच्या चिखलात आणि विळ्या-खुरप्यावर आयुष्य गेलेलं, त्यात संधिवात. सकाळी बोटं उघडत नाहीत, काडी धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ जाते. "हात गेलं माझं, पोरी," म्हणायची.

मी भोरला मुलांना चित्रकला शिकवते. मला तिचं म्हणणं पटेना, कारण परसात तीच आत्या खुरपं चालवत होती. खुरप्याची मूठ जाड असते, तिला सगळा तळवा लागतो. ब्रशाची दांडी बारीक. ती चिमटीत दाबून धरावी लागते, आणि अंगठ्याच्या दुखऱ्या सांध्यावर सगळा भार येतो तो या चिमटीतच. मग ब्रशालाच खुरप्याची मूठ का देऊ नये?

सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणून तिची पट्टी दांडीवर गुंडाळली. पकड घसरेना, पण वजन वाढलं आणि मनगट दमायला लागलं. म्हणून एसीच्या पाइपवर चढवतात त्या काळ्या फोमचा तुकडा आत घातला आणि वरून ट्यूबचा एकच वेढा दिला. ज्या दिवशी बोटं अजिबात मिटत नाहीत, त्या दिवसासाठी जुन्या पिशवीचा चिकटपट्टा तळव्याभोवती बांधून त्यात ब्रश खोचला. शेजारच्या आजोबांचं दुखणं वेगळं. त्यांचा हात थरथरतो. त्यांना हलका ब्रश नको, जडच हवा. दांडीला लोखंडी नट बांधले, मनगटाखाली घोंगडीची घडी दिली, तेव्हा रेघ बरीच थाऱ्यावर आली. रंगाची वाटी मात्र सगळ्यांचीच सांडायची. त्यावर तोडगा आत्यानंच काढला: हंड्याखालची चुंबळ वाटीखाली ठेवली.

फ्रेंच चित्रकार रेन्वारची बोटं संधिवातानं पार वाकली होती. तळव्याची कातडी सोलू नये म्हणून तो हाताला कापडी पट्ट्या बांधून घ्यायचा, ब्रश कुणीतरी बोटांत अडकवून द्यायचं, आणि मोठा कॅनव्हास रुळावर फिरवून त्याच्या हातासमोर आणला जायचा. १९१९ साली मरेपर्यंत तो रंगवत राहिला. मला त्यातला रूळ फार मोलाचा वाटतो. आम्ही कागद पाटावर चिकटवला आणि आत्या सांगेल तसा पाट फिरवत गेलो.

बारीक नक्षी आता तिला जमत नाही. पण खांद्यापासून हात फिरवला तर लांब, वळणदार रेघ छान येते. यंदाच्या नागपंचमीला तिनं गेरूनं नाग काढला, हातभर उंच. सून म्हणाली, फणा फार मोठा झाला. आत्या म्हणाली, "बारका न्हाई येत आता. मोठाच काढनार."

घरात असे हात असतील तर महागडं सामान शोधू नका. ते अजून कोणती वस्तू धरतात ते आधी बघा: लाटणं, रवी, खुरपं. ब्रशाची मूठ तेवढीच जाड करा. सकाळचा आखडलेपणा जाऊ द्या, हात कोमट पाण्यात शेका, मग बसवा. कळ आली की थांबवा. आणि चित्र काय काढायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.