पंधरा मिलिमीटर

सेमीकोलन, एंटर आणि बॅकस्पेस ही तिन्ही बटणं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाची करंगळी बधिर व्हायला लागली, की हे फार चटकन कळतं. माझी व्हायची ती रविवारी. बोपदेव घाटातून सासवडला जाताना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग मुंग्यांनी भरायचा. आधी या मुंग्या घरी येईपर्यंत उतरायच्या, मग संध्याकाळपर्यंत, मग सोमवारच्या स्टँडअपपर्यंत रेंगाळायला लागल्या.

डॉक्टरबाईंनी तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर अंगठा दाबला आणि मी ओरडले. अल्नर नर्व्ह इथूनच एका अरुंद वाटेनं बोटांत शिरते. त्या जागेवर तासन्‌तास अंगाचा भार टाकला, की ती दबते. सायकलवाल्यांत हे इतकं नेहमीचं, की दुखण्याला ‘हँडलबार पाल्सी’ असं नावच आहे. सायकल सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत. “हातावरचं वजन कमी करा,” म्हणाल्या, “आणि बोटातला जोर कमी वाटला तर थांबू नका, लगेच या.”

हातावर वजन येतं कुठून? पहिला संशय सीटवर घ्यावा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर आपण सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला अडवत बसतो. माझी सीट सपाट होती. मग उरलं हँडल, आणि तिथे प्रश्न नुसता यंत्राचा राहत नाही.

रोड बाइकवाल्यांच्या जगात खालचं हँडल ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. स्टेमखाली एकही स्पेसर नसलेली सायकल दिसली, की लोक थांबून फोटो काढतात. आमच्या ग्रुपमध्ये कुणी हँडल वर घेतलं तर ‘काय, भाजी आणायला निघालात?’ हा विनोद ठरलेला. शर्यतीतले व्यावसायिक खाली वाकू शकतात, कारण ते पेडल इतक्या जोरानं दाबत असतात की त्या जोरानंच त्यांचं धड थोडं उचललं जातं, हातावर फार भार उरत नाही. शिवाय त्यांच्या कमरा त्यासाठी घडवलेल्या असतात. आमच्या कमरा दिवसाचे नऊ तास खुर्चीत घडतात. त्यांची मापं आपण उचलायची म्हणजे कठीणच. माझी सायकल सेकंडहँड, आधीच्या मालकानं स्टेम अगदी तळाला बसवलेला. मात्र त्यानं वरची नळी कापली नव्हती. स्टेमच्या वर वीस मिलिमीटरचे स्पेसर शिल्लक होते. हे माझं नशीब.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते हातोडी शोधायला निघाले. त्यांनी चोवीस इंची काळी सायकल वर्षानुवर्षं कारखान्यात नेली. त्या सायकलीत हँडलचा दांडा वरून नळीत उतरतो आणि आत तळाशी पाचरीनं फसून बसतो. बोल्ट चार-पाच आटे सैल करायचा, डोक्यावर लाकडाचा तुकडा धरून ठोका द्यायचा, पाचर सुटली की हँडल वर ओढून पुन्हा आवळायचं. ब्रेकच्या कांब्या तेवढ्या नव्यानं जुळवायच्या. बेअरिंगचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

1990 च्या दशकात ही रचना बदलत गेली. आता फोर्कची नळी, जिला स्टीअरर म्हणतात, थेट वरपर्यंत येते आणि स्टेम तिला बाहेरून कवटाळतो. त्यामुळे स्टेम हलवला की बेअरिंगचा ताणही सुटतो. अर्धा घोटाळा इथेच होतो. वर, मधोमध, ठळक दिसणारा टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असं सगळ्यांना वाटतं. एका दुकानात मला “वरचा गच्च आवळा, हलणार नाही” असंच सांगितलं गेलं. तो बोल्ट हँडल धरत नाही. तो फक्त बेअरिंग, स्पेसर, स्टेम ही चळत दाबून मधली ढिलाई काढतो. हँडल धरतात ते स्टेमच्या बाजूचे दोन छोटे बोल्ट. म्हणून सोडताना बाजूचे दोन आधी सैल करायचे आणि मग टोपी काढायची. बसवताना उलट: आधी टोपी, हलक्या हातानं, मग बाजूचे दोन. बाजूचे आवळलेले असताना टोपी पिळत बसलात, तर दाब बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही, आतला प्लग मात्र वर ओढला जातो.

स्टेम काढला की फोर्क खाली घसरू शकतो, म्हणून चाक जमिनीवर टेकलेलं हवं. मी वीसपैकी पंधरा मिलिमीटर खाली घातले, पाच वर ठेवले. माझा स्टीअरर कार्बनचा आहे, आणि स्टेमची पकड नळीच्या अगदी काठावर येऊ नये म्हणून वर एक स्पेसर असलेला बरा. आतला प्लगही स्टेमच्या पकडीच्या उंचीवर हवा, म्हणजे नळीला आतून आधार मिळतो. सगळं रचल्यावर नळीचं टोक वरच्या स्पेसरच्या दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. ते स्पेसरच्या बरोबरीला आलं तर टोपी नळीवर टेकते आणि काहीच दाबत नाही. खाली किती स्पेसर चालतील याची मर्यादा फोर्कवाले देतात. ती मी आधी पाहून घेतली होती.

माझ्या स्टेमवर 5 न्यूटन-मीटर कोरलंय. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला साधारण पाच किलोची पिशवी टांगल्याइतका जोर. मनगटाला हा आकडा ‘इतकंच?’ असा वाटतो आणि हात आणखी पाव फेरा पुढे जायला बघतो. कार्बनला तो पाव फेरा पुरतो. म्हणून टॉर्क रेंच घेतला, महाग पडला तरी. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे. 2006 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिनकॅपीचा स्टीअरर तुटला. पुढे होता, चालत्या सायकलवर हँडल सुटलं आणि तो खांद्यावर आपटला. त्याच्यासारख्याच्या हातात हँडल राहिलं नाही, तर बोपदेवच्या उतारावर माझं काय होईल, हे बाबांनी विचारायच्या आधीच मी मनात विचारून झालं होतं.

मग तपासणी. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवून. टकटक लागली तर ढिलाई आहे. पुढचं चाक उचलून सायकल थोडी कलंडवली, हँडल आपल्याच वजनानं वळलं. अडखळलं असतं तर टोपी जास्त आवळली असं समजायचं. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहिलं. शेवटी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, ते बघितलं. बाबा या सगळ्याकडे हाताची घडी घालून पाहत होते.

नळी तिरकी असल्यामुळे पंधरा मिलिमीटर वर म्हणजे हँडल साधारण चार मिलिमीटर जवळही आलं. कागदावर नगण्य. पुढच्या रविवारी सासवडला चहा प्यायला थांबले, तेव्हा करंगळी माझी होती. मुंग्या आल्या त्या परतीला, पन्नासच्या पुढे, आणि दुपारच्या जेवणाआधी गेल्या.

अजून एक उपाय हातात आहे. स्टेम सहा अंशांचा, शंभर मिलिमीटरचा. तो उलटा बसवला तर हँडल आणखी वीस मिलिमीटर वर जाईल. पण दोन बदल एकदम केले तर कशानं काय झालं ते कळणार नाही, म्हणून महिनाभर थांबलेय. ग्रुपमध्ये विनोद झालाच. शिवाय दोघांनी नंतर वेगळं गाठून, आवाज खाली आणून, किती मिलिमीटर घातले ते विचारलं.

बाबांना एकच गोष्ट खटकते. त्यांच्या दांड्यावर एक रेघ असायची, हिच्यावर दांडा काढू नका अशी. “तुझ्यात रेघ कुठाय?” त्यांनी विचारलं. मी नळीचं कापलेलं टोक दाखवलं. ते थोडा वेळ त्याच्यावरून बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे कापणारा ठरवतो.”