मार्सेलिसचा धक्का

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे महिनाभर ल्यों गावी मुलाकडे होते. तिथल्या थंडीबद्दल आणि सूनबाईच्या स्वयंपाकाबद्दल पुन्हा केव्हातरी. आज फक्त एका दिवसाबद्दल.

"आई, पॅरिस बघायचं ना?" मुलाने विचारलं. मी म्हटलं, "पॅरिस राहू दे. मला मार्सेलिस दाखव." तो हसला. त्याला कारण माहीत होतं. लहानपणी त्यानेही तो धडा माझ्याच वर्गात बसून ऐकलेला.

तिकडे त्या गावाला मार्सेय म्हणतात. ल्योंहून गाडीने पावणेदोन तास. स्टेशन उंचावर आहे, बाहेर पडलं की 104 पायऱ्या उतरायच्या. गुडघ्यांनी तक्रार केली, पण समोर टेकडीवर सोनेरी मेरीमातेचं चर्च दिसलं आणि मी उतरले. गावातले लोक तिला 'चांगली आई' म्हणतात म्हणे. ग्रीक व्यापाऱ्यांनी 2600 वर्षांपूर्वी वसवलेलं हे बंदर. जुन्या बंदरावर सकाळी मासे विकायला बसलेल्या बायका थेट आपल्या आठवडी बाजारातल्या. फक्त भाषा वेगळी, हातवारे तेच.

मी त्या जुन्या बंदराच्या काठावर उभी राहून इकडेतिकडे बघत होते. उडी कुठे मारली असेल? मुलगा म्हणाला, "आई, इथे नाही. मोठ्या आगबोटी तेव्हाही पलीकडच्या गोदीत लागायच्या." मग जाऊन मोठ्या कॅथेड्रलच्या ओट्यावर बसलो. तिथून गोदी दिसते. कॉर्सिका, अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी लागलेल्या होत्या. आत जाता येत नाही, कुंपण आहे. दशम्या आणि तिळाची चटणी काढली आणि बघत राहिले.

आता कबुलीची गोष्ट. मी मेहकर तालुक्यात शिकवलं. आमच्या पोट्ट्यांनी समुद्र पाहिलेला नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही पाहिलेला नव्हता. समुद्र केवढा, असं विचारलं की मी म्हणे, "लोणारचं सरोवर पाहिलं ना? तशी हजारो." सावरकरांच्या उडीचा धडा आला की मला चेव यायचा. तीन दिवस, तीन रात्री पोहले, वरून गोळ्यांचा पाऊस... हे पुस्तकात नव्हतं. माझ्या वडिलांकडून ऐकलेलं. त्यांनी कुठून ऐकलं, देव जाणे. पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची आणि मला ते आवडायचं.

1983 साल, सावरकरांच्या जन्मशताब्दीचं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. शेतकऱ्याचा पोरगा, विहिरीत पोहणारा. म्हणाला, "बाई, घंटाभर पोहलं तरी हात गळतात. तीन दिवस जेवले कधी?" वर्ग हसला. मला वाटलं हा त्या थोर माणसाची थट्टा करतोय. खरं तर माझी पंचाईत झाली होती. मी त्याला पन्नास वेळा लिहायला लावलं: 'मी उलट प्रश्न विचारणार नाही.'

त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधीच प्रश्न विचारला नाही. दहावीपर्यंत.

ओट्यावर बसून मुलाने मोबाइलवर हेगच्या लवादाचा 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल काढला आणि मला मराठीत सांगत गेला. 'मोरिया' बोट, 8 जुलै 1910 ची सकाळ. कैदी पोहून काठाला लागला, पळू लागला, बंदरावरच्या फ्रेंच पोलिसाने पकडला, बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला मदत केली आणि कैदी परत बोटीवर. संपलं. परक्या भूमीवर पकडलेला माणूस इंग्रजांना असा देता येतो का, यावर दोन सरकारं भांडली. लवादाने म्हटलं, पकडण्यात गैर झालं असेल, पण पोलिसाच्या चुकीसाठी कैदी परत करावा असा नियम नाही. तोवर सावरकरांना दोन जन्मठेपा झालेल्या होत्या.

तीन दिवस कुठले! संडासाच्या झरोक्यातून अंग ओढून काढायचं, थोडं पाणी, मग गोदीची भिंत, मग धावणं. सत्तावीस वर्षांचा मुलगा, आणि त्या धक्क्यावर त्याचं बोलणं समजणारं कोणी नाही. मी कुंपणातून बघितलं. काठाची भिंत सरळ उभी आहे. ओल्या अंगाने वर चढायचं म्हणजे... माझ्या तीन रात्रींच्या गोष्टीत ही भिंत कधीच आली नव्हती.

याच बंदरात चार वर्षांनी, 1914 च्या सप्टेंबरात, आपले हजारो शिपाई इंग्रजांसाठी लढायला उतरले. त्यांचं स्मारक माझार्ग भागात आहे. तिथे जायचं राहिलं.

दुपारचे चार वाजले होते, म्हणजे मेहकरला साडेसात. तो मुलगा आता मोटारी भरून देण्याचं दुकान चालवतो, नंबर होता माझ्याकडे. लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझं बरोबर होतं रे. मी चुकले."

पलीकडे बराच वेळ दुकानातला आवाज फक्त.

"एकोणपन्नास वेळाच लिहिलं होतं, बाई," तो म्हणाला. "तुम्ही मोजलं नाही."

मी हसले, डोळे पुसले. मुलगा दुसरीकडे बघत होता.

"मंग पोहले तरी किती?"

"थोडंच. काही मिनिटं."

"हां," तो म्हणाला, "तेवढं जमते." आणि मग, "पण भिंत कशी चढले म्हणता, बाई? ओली असंल ना?"