नेट बदलले आणि पत्ता हरवला

आवक-जावक नोंदवहीवर वीस वर्षे घालवलेल्या माणसासमोर कुणी 'कागद हरवला' म्हटले की त्याला राग येतो. कागद हरवत नसतो, तो कुणीतरी भलत्याच फायलीत लावलेला असतो, असे आम्ही कार्यालयात नव्या मुलांना नेहमी ऐकवतो. पण 2022 च्या पावसाळ्यात आमच्याच हातून एका मुलाचे पत्र हरवले. तेही असे की शोधायला फाईलच उरली नाही.

आमच्या घरी नेट आले 2009 साली, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. त्या काळी 2004 च्या सरकारी धोरणाप्रमाणे सेकंदाला 256 किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. आज ते ऐकून मुले हसतात. 2023 साली सरकारने ती किमान मर्यादा 2 मेगाबिट केली, म्हणजे जवळजवळ आठपट. पण तेवढ्यावरही आम्ही तेव्हा खूश होतो. वस्तीत संगणक आमच्याच घरी. कुणाला नोकरीचा अर्ज भरायचा असो, कुणाला कॉलेजच्या प्रवेशाचा, माणूस रविवारी आमच्या दाराशी. अर्जात ई-मेलचा रकाना आला की समोरचा म्हणे, "माझा कुठला ई-मेल, तुमचाच टाका." आम्ही टाकत असू. तो पत्ता आम्हाला नेटच्या जोडणीबरोबर त्या कंपनीने फुकट दिलेला होता. आपल्या पत्त्यावर चार लोकांची पत्रे येतात याचे, खोटे कशाला बोला, जरा बरेही वाटायचे.

पुढे तार म्हातारी झाली. पाऊस पडला की खांबावरच्या जोडात पाणी जायचे, फोनवर खरखर सुरू आणि नेट बंद. 2020 मध्ये शाळा मोबाईलवर भरू लागल्या तेव्हा आमची थोरली खिडकीच्या गजाला फोन लावून गणिताचा तास ऐकत बसे. सर अर्धे वाक्य बोलून गोठायचे, ते पुढच्या उदाहरणालाच जागे व्हायचे. आम्ही तक्रारी केल्या, प्रत्येकीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहिली. दोन पावसाळ्यांत सतरा तक्रारी झाल्या. माणूस यायचा, डबा उघडून तार पिळायचा, निघून जायचा. आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी 2022 च्या जूनमध्ये सौ. म्हणाल्या, "बिल आपण बाराही महिन्यांचे भरतो आणि नेट वापरतो आठ महिने. बी.कॉम. तुम्ही आहात की मी?"

मग आम्ही हिशेबाला बसलो. नव्या कंपनीच्या पत्रकावर 499 रुपये महिना असे ठळक छापलेले. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'कर वेगळा'. कर 18 टक्के, म्हणजे महिन्याला 588 रुपये 82 पैसे. सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणी फुकट, म्हणून 3,532 रुपये 92 पैसे आगाऊ. वेग 40 मेगाबिट. हे मेगाबिट आहे, मेगाबाईट नव्हे. आठ बिटांचा एक बाईट होतो, म्हणून 40 ला आठाने भागायचे. सेकंदाला फार तर 5 मेगाबाईट उतरणार. जाहिरातीतला आकडा नेहमी आठपट मोठा का दिसतो, ते यावरून समजावे.

जोडणीला आलेला मुलगा विशीतला असेल. केसाएवढा काचेचा तंतू सोलून त्याने तो एका लहानशा यंत्रात धरला आणि ठिणगीने क्षणात सांधला. तांब्यातून वीज जाते, यातून उजेड जातो, म्हणून ओल लागली तरी खरखर नाही. मात्र वायर कोपऱ्यात दुमडू नका, खिळा ठोकू नका, डब्यावर लाल दिवा लुकलुकला की आतून काही बिघडले असे न समजता आधी वायर बघा, एवढे सांगून तो गेला. त्या रात्री धो धो पाऊस होता. आम्ही सगळे त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. दिवा हलला नाही.

जुनी जोडणी आम्ही रीतसर बंद केली. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच. मोडेम परत दिल्याची पावती. थकबाकी नसल्याचा कागद. डिपॉझिट परत मिळावे म्हणून रद्द केलेला चेक. कामात तसूभर कसूर ठेवली नाही, असे आम्हाला वाटले.

ऑगस्टच्या अखेरीस पलीकडच्या गल्लीतल्या एक ताई आल्या. चार घरची कामे करून मुलाला आय.टी.आय.ला शिकवलेले, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. दारातच उभे राहून म्हणाल्या, "भाऊ, त्याच्याबरोबरच्या पोरांना कारखान्याचे बोलावणे आले, ॲप्रेंटिसचे. मुलाखती होऊन गेल्या. याला कसे नाही आले?"

अर्ज आम्हीच भरला होता. पत्ता आमचा. आणि जोडणी बंद झाली त्याच दिवशी कंपनीने ती पत्रपेटीही बंद केली होती.

आम्ही कंपनीला फोन केला. उत्तर सरळ होते. पेटी जोडणीबरोबर दिली होती, जोडणीबरोबर गेली. तसे अटींत लिहिलेले आहे. आम्ही अटी काढून वाचल्या. लिहिलेले होते. कारखान्यात गेलो, तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि जागा भरल्याचे सांगितले. मुलगा आमच्याबरोबर आला होता. परत येताना गाडीत तो काही बोलला नाही, आणि त्याने चार शब्द सुनावले असते तर आम्हाला सोपे गेले असते.

मोबाईलमुळे आपला गैरसमज झालेला आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. 1900 वर संदेश पाठवला की काम सुरू. त्यामुळे नेट बदलले तरी ई-मेल आपलाच राहील, असे आम्ही धरून चाललो. पण ई-मेलच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे जे नाव असते ते त्या कंपनीच्या घराचे असते. आपण तिथे खोली घेऊन राहिलेले. खोली सोडली की पोस्टात अर्ज देऊन कागदी पत्रे तरी नव्या पत्त्यावर वळवून घेता येतात, इथे तीही सोय आम्हाला नव्हती. पाठवणाऱ्याला 'असा पत्ता नाही' असा उलट निरोप जातो म्हणे. पण शेकडो पत्रे यंत्राने सोडणाऱ्या कार्यालयात तो निरोप वाचतो कोण?

खरा क्रम आम्हाला उलटा कळला. आधी कुठल्याही नेट कंपनीशी संबंध नसलेला नवा पत्ता काढायचा. जुन्या पेटीत 'येईल ते पत्र तिकडे पाठव' अशी सोय असेल तर ती लावायची. मग बँक, विमा, गॅस, शाळा, कार्यालय असे एकेक करून कळवायचे. दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवायचे, जुन्यात काय येते ते बघायचे, आणि मगच जोडणी तोडायची. दोन-तीन महिन्यांचे दुहेरी बिल जड वाटते खरे. आम्ही ते वाचवले. कुणाच्या जिवावर, ते वर सांगितलेच आहे.

वही काढून बघितले तर चौदा जणांच्या अर्जांवर आमचा पत्ता. बाराजण सापडले. दोघे भाड्याने राहून निघून गेलेले, त्यांचे फोनही लागेनात.

पुढचे चार रविवार समाजमंदिरात आम्ही एकच काम केले, ज्याचे त्याला खाते काढून देणे. खाती जीमेलची, कारण ती फुकट आणि सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच होती; कित्येकांना आपल्या नावाचे खाते आहे हेच ठाऊक नव्हते, दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेले. पासवर्ड दुकानदारालाच माहीत! एका पोराला पत्त्यात 'किंग' हवे होते. म्हटले, बाबा रे, उद्या हा पत्ता तुला अर्जावर लिहायचा आहे, साहेबाला किंग नको असतो. नाव, आडनाव आणि एखादा आकडा पुरे. जन्मसाल घालू नका, तेच पुढे पासवर्डातही येते.

खरी अडचण निघाली मोबाईल नंबरची. पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवायला नंबर लागतो, आणि आपल्याकडे नंबर टिकत नाही. रिचार्ज संपले, नवे सिम स्वस्त मिळाले, जुने टाकून दिले. बरेच दिवस बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. मग आपल्या खात्याची किल्ली परक्याच्या खिशात. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एका मावशींच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा सुरतेला, नंबर तीनदा बदललेला. त्यांचे खाते उघडता उघडता संध्याकाळ झाली. "मला मेलीला कोण पत्र लिहिणार," म्हणत होत्या, पण उठल्या नाहीत. शेवटी त्यांच्या स्वतःच्या नंबरवर खाते झाले.

आता 2023 पासून आणखी एक नियम आहे. दोन वर्षे उघडलेच नाही तर गूगल खाते पुसू शकते. म्हणून दिवाळीला घर झाडताना एकदा तेही उघडा, असे आम्ही सर्वांना सांगून ठेवले आहे.

तो इलेक्ट्रिशियन मुलगा चौथ्या रविवारी आला, सगळ्यांच्या शेवटी. खाते झाले. नाव, पत्ता, नंबर, सारे आम्ही सवयीप्रमाणे वहीत उतरवले आणि पासवर्डाच्या रकान्यावर पेन टेकवून त्याच्याकडे बघितले.

"काका," तो म्हणाला, "तो आता मलाच माहीत असायला हवा ना?"

आम्ही त्या रकान्यात आडवी रेघ मारली. मग मागची पाने उलटून बाकीच्यांचेही पासवर्ड वाचता येणार नाहीत असे खोडले, आणि त्यांनी ते बदलून घ्यावेत म्हणून त्याच रात्री घरोघर निरोप धाडले.