तणाची राखण

‘तण खाई धन’ हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्याचं मतही काही वेगळं नव्हतं. म्हणून तिथल्या कीटक-अभ्यासक मिरियम रॉथ्सचाइल्ड यांनी रानफुलांच्या बियांचं एक मिश्रण तयार केलं, त्याचं नावच ‘फार्मर्स नाइटमेअर’, म्हणजे शेतकऱ्याचं दुःस्वप्न. पॉपी, कॉर्नफ्लॉवर, कॉर्न मॅरिगोल्ड, कॉर्नकॉकल ही गव्हाच्या शेतातून पिढ्यान्‌पिढ्या हद्दपार झालेली तणं. बाईंनी ती मुद्दाम पेरली.

त्यांचा जन्म १९०८ चा, नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या ॲश्टन वोल्डचा. चौथ्या वर्षापासूनच त्या सुरवंट आणि लेडीबर्ड किडे गोळा करू लागल्या. वडील चार्ल्स पेशाने बँकर, पण जीव किड्यांत. सुदानमध्ये सापडलेल्या एका पिसवेचं वर्णन त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलं. मुंबईत १८९६ साली शिरलेला प्लेग उंदरांकडून माणसांत आणणारी पिसू ती हीच! याच चार्ल्सनी १९१२ साली निसर्गरक्षणासाठी संस्था काढली आणि जतन कराव्यात अशा २८४ जागांची यादी केली. कुणाला नको असलेल्या पिसवा आणि कुणाला नको असलेली दलदल, दोन्हींकडे सारख्याच आदराने पाहणारा हा माणूस १९२३ मध्ये गेला. मिरियम तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या.

औपचारिक पदवी नसताना त्या पिसवांच्या जगप्रसिद्ध अभ्यासक झाल्या आणि १९८५ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो. बागेच्या दृष्टीने मात्र त्यांचं वेगळंच एक काम मोलाचं वाटतं. मोनार्क फुलपाखराला पक्षी का टाळतात, याचा छडा त्यांनी नोबेलविजेते ताडेउश राइखस्टाइन आणि इतर सहकाऱ्यांसोबत लावला. मोनार्कचे सुरवंट मिल्कवीड खातात, त्यातलं हृदयावर परिणाम करणारं विष अंगात साठवतात, आणि फुलपाखरू झाल्यावरही ते विष त्यांची राखण करतं. हे संशोधन १९६८ साली प्रसिद्ध झालं. मिल्कवीड रुईच्या जवळच्या नात्यातलं. शनिवारी मारुतीला वाहतात त्या रुईच्या पानांवर आपल्याकडचं प्लेन टायगर वाढतं, आणि तेही मोनार्कच्या भाऊबंदांतलंच.

मकरंदाच्या फुलांवर फुलपाखरू येतं, पण मुक्कामाला राहत नाही. अंडी घालायला त्याला ठरावीकच झाड लागतं, आणि ते झाड कुरतडलं जाणार हे बाग आखतानाच मान्य करावं लागतं. इंग्लंडमधलं देखणं पीकॉक फुलपाखरू नेटलवर वाढतं, अंगाला लागताच आग करणाऱ्या त्या झुडपावर.

साठी ओलांडल्यावर, १९७० च्या सुमारास, बाईंनी आपल्या बागेतली कापणी-छाटणी थांबवली. वेली घरभर चढल्या, खिडक्यांवर आल्या. पण हे नुसतं सोडून देणं नव्हतं. शेततणांच्या फुलांना दरवर्षी जमीन उकरून द्यावी लागते, कारण ती एका हंगामाची. कुरणातली बहुवर्षायू फुलं याच्या उलट. तिथे नांगर नको, खत तर मुळीच नको, कारण खताने गवत माजतं आणि फुलं दबतात. बी पडून गेल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस कापायचं आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं, म्हणजे जमीन हलकीच राहते. यलो रॅटल नावाची एक वनस्पती तर गवताच्या मुळांतून रस शोषून त्याचा जोर कमी करते.

ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना हायग्रोव्ह या आपल्या घरी रानफुलांचं कुरण केलं ते मिरियमबाईंच्याच बियांवर आणि सल्ल्यावर. इंग्लंड-वेल्समधली जवळजवळ ९७ टक्के फुलांची कुरणं १९३० च्या दशकापासूनच्या अर्धशतकात नाहीशी झाली होती. अशा वेळी एका म्हातारीने पोत्यात बी भरून ठेवणं ही केवढी मोठी गोष्ट!

त्या २००५ मध्ये गेल्या, पण त्यांचा धडा आपल्यालाही लागू पडतो. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात ऐन श्रावणात गवत कापायचं यंत्र फिरतं, तेव्हा टाकळ्यावर मॉटल्ड एमिग्रंटचे हिरवे सुरवंट असू शकतात. कुंपणालगतचा एक पट्टा तरी दिवाळीपर्यंत राखता येईल. बी पडू द्यावं, मग खुशाल कापावं. माळीकाकांना हे आधीच सांगून ठेवायला हवं, आणि सोसायटीच्या सभेत कुणी ‘किती गबाळं दिसतंय’ म्हणालं, तर त्यांना त्या पट्ट्यापाशी नेऊन पानामागची अंडी दाखवावीत.