हद्दीवरचा प्रभाग

(पुण्यातल्या एका नगरसेविकेच्या रोजनिशीतली काही पाने)

१२ जानेवारी २०२२, बुधवार
सकाळी किरकटवाडीहून माणसे आली होती. माझा प्रभाग सिंहगड रस्त्यावर, जुन्या हद्दीच्या आत. त्यांचे गाव पलीकडे. गेल्या ३० जूनला नऱ्हे, नांदेड, खडकवासला, वाघोली, सूस धरून २३ गावे शहरात आली. ग्रामपंचायती त्याच दिवशी गेल्या, नगरसेवक मात्र मिळाले नाहीत. म्हणून लोक जवळचे दार वाजवतात. एक आजोबा म्हणाले, "ताई, सरपंचाच्या अंगणात उभं राहून भांडता तरी यायचं. आता कुणाशी भांडायचं?" टँकरची एक फेरी वाढवून घेतली. एवढेच हातात होते.

२१ जानेवारी, शुक्रवार
नऱ्ह्याच्या बाजूच्या एका सोसायटीची बैठक. विषय अर्थात पाणी. सचिवांनी फाइलमधून बिल्डरचे हमीपत्र काढले: पालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय विकसक करील. हे हमीपत्र आमच्याकडच्या वाढीचे खरे मूळ आहे. त्याच्या जोरावर परवानगी मिळते, इमारत उभी राहते, भोगवटापत्रही येते. मग सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्लॉटवर जातो आणि टँकरचे बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसते. हमी कोणी पाळली नाही तर काय करायचे, याची ओळ त्या कागदावर मला सापडली नाही.

"पण ताई, शेजारी धरण आहे की!" एक तरुण म्हणाला. धरण आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी. त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला द्यायचे असते. दरवर्षी कालवा समितीत हाच वाद. शहराची हद्द कागदावर एका सहीने वाढते. धरणाची भिंत तशी वाढत नाही. हे सांगितले तर टाळ्या पडत नाहीत. पडल्याही नाहीत.

१ फेब्रुवारी, मंगळवार
प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली. ५८ प्रभाग, १७३ नगरसेवक, नवी गावे धरून. दिवसभर फोन: तुमची गल्ली कुठे गेली, आमची कुठे. नकाशे एवढ्या बारकाईने वाचणारी आम्ही मंडळी विकास आराखड्याचा नकाशा कधी उघडतो? २३ गावांचा आराखडा सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिला. रस्ते, कचरा, दिवे पालिकेकडे. आखणार एक, निस्तरणार दुसरा. ही वाटणी मला पहिल्या दिवसापासून चुकीची वाटते, आणि त्यात पक्षाचा प्रश्न नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार
आज माझेच मतदार माझ्यावर चिडले. ओला-सुका कचरा वेगळा करायला प्रभागात एक शेड हवी, जागा पालिकेचीच. तीन सोसायट्यांचे लेखी विरोधपत्र आले: वास येईल, फ्लॅटचे भाव पडतील. मी विचारले, मग आपला कचरा कुठे जावा? कोणी बोलेना. वर्षानुवर्षे तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी गाड्या अडवल्या, आणि २०१७ मध्ये त्याच गावांना आपण शहरात घेतले. एक काकू जाता जाता म्हणाल्या, "शेड करा, पण आमच्या गेटसमोर नको." गेट सोडून प्रभागात जागा उरली आहे कुठे?

६ मार्च, रविवार
मेट्रो सुरू झाली. वनाज ते गरवारे कॉलेज. पंतप्रधान आले होते. आनंद आहे. सिंहगड रस्त्यावर मात्र संध्याकाळी कोंडी नेहमीचीच.

७ मार्च, सोमवार
आयुक्तांचे अंदाजपत्रक, ८,५९२ कोटींचे. कार्यकर्त्यांचा पहिला प्रश्न: "ताई, 'स' यादीत आपलं किती?" 'स' यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली वॉर्डातली कामे: पेव्हिंग ब्लॉक, बाकडी, नामफलक, जिमचे साहित्य. पाच वर्षांत मीही हेच केले, कारण लोक हेच मोजतात. पाणी नसेल तिथे भोगवटापत्र नको, असा प्रस्ताव मी दिला होता. पालिकेच्या समितीने तो एकदा पुढे ढकलला, मग पुन्हा. बाकड्यांचा प्रस्ताव कधी पुढे ढकलला गेल्याचे आठवत नाही.

१४ मार्च, सोमवार
मुदत संपली. कार्यालयातली टाचणे, अर्ज, किरकटवाडीच्या टँकरची वही एका पिशवीत भरली. माझा प्रस्ताव निर्णयाविना राहिला; नव्या सभागृहात ज्याला मांडायचा असेल त्याने खुशाल उचलावा, नाव माझे नको. उद्यापासून प्रशासक. २३ गावांना जूनपासून नगरसेवक नव्हता, आता पुण्यात कोणालाच नाही, आणि निवडणुकीची तारीख अजून जाहीर झालेली नाही.