मामांचे पाय आणि विजेचे खांब

एकलहऱ्याच्या जयंतीच्या मिरवणुकीत आमचे मामा प्रत्येक फलकासमोर थांबू लागले. चला म्हटले तर म्हणाले, "अरे, नावं वाचतोय." तो फलक आदल्या रात्री त्यांनीच बांधला होता!

खरी गोष्ट अशी की ठरावीक अंतर चालले की त्यांची पोटरी आवळून येई. दोन-चार मिनिटे उभे राहिले की कळ जाई, चालले की पुन्हा तेवढ्याच अंतरावर परत येई. घरात कुणी वात म्हटले, कुणी मणका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या घरात एकाने "मागचे भोग" असेही म्हटले, त्याची लाज आम्हाला अजून वाटते. एका डॉक्टरांनी गोळ्या देऊन सांगितले, आराम करा, चालणे बंद.

पुढे दुसऱ्या ठिकाणी घोट्याचा रक्तदाब मोजला आणि दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. हे प्रमाण 0.9 किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात. मामांचे कमीच आले. जन्मभराची बिडी आणि जोडीला साखर. जर्मन भाषेत या दुखण्याला दुकानाच्या काचेवरून नाव पडले आहे, कारण रोगी काचेतला माल पाहायच्या निमित्ताने थांबतो. आपल्याकडे जयंतीचे फलक आहेत.

आणि उपचार काय, तर चालणे! कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, ती पूर्ण गेली की पुन्हा निघायचे. असे थांबत-चालत अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. त्याने स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतात, बारीक वाहिन्याही मदतीला येतात. सोबत बिडी-तंबाखू पूर्ण बंद आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे चालूच. पण बसल्या-झोपल्याही पाय दुखत असेल, बोट काळे पडले असेल, जखम भरत नसेल, तर चालायचे नाही, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचे. तरुण बिडीवाल्यांना बर्जरचा आजार होतो, त्यात तंबाखू सोडल्याशिवाय पाय वाचत नाही. जयंतीच्या मंडळातल्या पोरांनी हे नीट ऐकावे.

आमचा सवाल असा आहे. कुणाच्या तरी देखरेखीखाली चालणे हा जगभर मान्य झालेला पहिल्या फळीचा उपचार आहे. त्याला ना यंत्र लागते ना भूल. मग तो आमच्या वस्तीत का पोहोचत नाही? पाय कापायची वेळ आली की योजना, कार्ड, खाट सगळे आठवते. त्याआधीच्या बारा आठवड्यांना मात्र कुणी वाली नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल आला आणि पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या कायद्यात कंत्राटी कामगाराची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकावर होती. आपल्यातल्या किती जणांनी आपला विमा क्रमांक पाहिला आहे? तो मागा, आणि विमा दवाखान्यात घोट्याचा रक्तदाब मोजायची मागणी करा.

तोवर आपले विहार आहेतच. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत दूरच्या वाटेचे बळ आहे आणि कमी आजारही. आपण वंदना म्हणतो नि चंक्रमण विसरतो. हजेरी घेणारा एक कार्यकर्ता आणि घड्याळ, एवढ्यावर गट उभा राहतो.

मामा आता पहाटे भाच्याबरोबर निघतात. अंतर विजेच्या खांबांवर मोजतात. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या खांबाशी थांबत होते, बाराव्या आठवड्यात सातव्याशी. बिडी एकदा चोरून ओढली, पकडले गेले, आणि भाच्याने चार दिवस अबोला धरला.